भोंगा आणि घंटा

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या वस्तीतील शाळांत ज्यांनी आयुष्य काढले, त्या शिक्षकांना एक गोष्ट हमखास आठवते. शाळेची घंटा होण्याआधी कारखान्याचा भोंगा होई. पहिल्या पाळीच्या बसगाड्या गेल्या की सकाळच्या सत्रातील मुले दप्तर उचलीत. बाप पाळीवरून यायचा आणि मुलगा शाळेतून यायचा, तेही पुष्कळदा एकाच वेळी. मुलांना आठवड्याचे वार नीट सांगता आले नाहीत, तरी वडिलांची कोणती पाळी कधी बदलते हे मात्र पाठ असे.

अशा शाळेतल्या पालकसभेत एखादा कामगार पालक सहज विचारून जातो, "गुरुजी, आमची युनियन आहे. काही वर्षांनी करार होतो, पगार ठरतो. तुमचं कसं असतं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. शिक्षक नोकर आहे हे खरे, पण कोणाचा? त्याने संघटना करावी का? संप करावा का? केला तर मुलांचे काय? आणि मुळात शिक्षक हा कामगार आहे का? हे प्रश्न आपल्या भागात गेली १४० वर्षे विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे कशी बदलत गेली, हे या लेखात आपण पाहू या.

दोन अर्ज

सुरुवात दोन कागदांपासून करू. पहिला कागद १८८२ सालचा. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून आपले निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ते प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तरी शिक्षण सक्तीचे असावे, असे त्यांनी म्हटले होते. परंतु त्याच निवेदनात शिक्षकांविषयी एक भाग आहे, तो आपण शिक्षकांनी मुद्दाम वाचायला हवा.

फुले सांगतात की, गावच्या शाळेतील मास्तराचा पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो आणि पुष्कळसे मास्तर प्रशिक्षण न घेतलेले असतात. त्यांची मागणी अशी, की पगार किमान १२ रुपये असावा आणि मोठ्या गावांत १५ किंवा २० रुपये. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, कारण त्यांना लोकांच्या गरजा कळतील आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची हत्यारे हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही. त्यांच्या प्रशिक्षणात शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. म्हणजे पगार, प्रशिक्षण, अभ्यासक्रम आणि मुलाचा हक्क या चार गोष्टी फुल्यांनी एकाच कागदावर मांडल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. त्यांनी हिशेब मागितला. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग त्यातून शिक्षणावर होणारा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे का वळतो, असा त्यांचा सवाल होता. पैसा कोणाचा आणि शाळा कोणाची, हा प्रश्न आपण पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहोत.

दुसरा कागद दोन वर्षांनंतरचा, १८८४ सालचा आणि मुंबईचा. फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास ठरलेले असावेत, महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा आणि कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी, अशा त्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. आज आपण ज्या रविवारी वह्या तपासत बसतो, तो रविवार असा आलेला आहे!

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. कन्हेरसर आज खेड तालुक्यात आहे आणि चाकणची औद्योगिक वसाहतही त्याच तालुक्यात. शिक्षकाच्या पगाराची मागणी करणारे फुले आणि कामगाराच्या सुट्टीची मागणी करणारे लोखंडे एकाच सत्यशोधक चळवळीतले होते. पुढे मात्र या दोन वाटा वेगळ्या झाल्या. कामगार एका कायद्याखाली गेला आणि शिक्षक दुसऱ्या.

मालक कोण?

कारखान्यात मालक दिसतो. शाळेत तो दिसत नाही, किंवा एकाऐवजी तीन दिसतात. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या. १९४७ साली नवा कायदा आला. १९६२ च्या महाराष्ट्र दिनापासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण भागातला प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर झाला. शहरातला शिक्षक नगरपालिकेचा. माध्यमिक शाळा मात्र मुख्यतः खाजगी संस्थांच्या हाती राहिल्या. तेथे नेमणूक संस्था करते, वेतन अनुदानातून सरकार देते आणि मान्यता शिक्षणाधिकारी देतात. अशा तीन मालकांपैकी कोणाकडे दाद मागायची, हे शिक्षकाला अनेकदा कळत नसे.

यामुळे शिक्षकांच्या संघटनाही वेगवेगळ्या झाल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे प्राथमिक शिक्षक संघ आणि प्राथमिक शिक्षक समिती, माध्यमिक शिक्षकांच्या वेगळ्या संघटना, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या. राज्यघटनेनेही यात एक रेघ ओढलेली आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक दर्जाखालील शाळेत शिकवणाऱ्याला मत नाही. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या विधान परिषदेत शिक्षकांचे ७ प्रतिनिधी असतात. परंतु पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या गुरुजींना त्यांच्या निवडणुकीत मत देता येत नाही. संघटनेच्या बळावर रस्त्यावर येण्याची पाळी प्राथमिक शिक्षकावर अधिक का आली, याचे एक कारण येथे सापडते.

गावांचे शहर होते

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, त्यांच्यामागे शेकडो लहान कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. १९९७ साली आसपासची अनेक गावे तिच्यात आली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख १७ हजार होती. २००१ मध्ये ती १० लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे.

शिक्षकाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय? जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा एकदम महानगराची शाळा होते. वर्गात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, कर्नाटकातून आलेली मुले शेजारी शेजारी बसतात. महापालिका मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळाही चालवते. वर्षाच्या मधेच बापाचे काम सुटले की मुलाचे नाव पटावरून जाते आणि दुसरीकडे काम लागले की तेथे नवे नाव येते. पट हा येथे नदीसारखा वाहता असतो, पण शिक्षकांची पदे मात्र एका ठरावीक दिवसाच्या पटावर ठरतात.

याच शहरात कामगार संघटना वाढल्या. १९८९ च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोच्या कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यापुढे केलेले उपोषण आणि पोलिसांनी ते मोडून काढले, ही घटना त्या पिढीच्या आठवणीत पक्की आहे. अनेक शिक्षकांच्या वर्गात त्या कामगारांची मुले होती. घरात पगार नाही, वही आणायला पैसे नाहीत, हे शिक्षकाला पहिल्यांदा कळते. संप म्हणजे काय, हे या शहरातील शिक्षकाने पुस्तकात वाचण्याआधी मुलांच्या डब्यात पाहिले.

चोपन्न दिवस

शिक्षकांनी स्वतः केलेला मोठा संप याआधीचा. डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ असा ५४ दिवस महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. र. ग. कर्णिक हे त्याचे प्रमुख नेते. मुख्य मागणी होती केंद्र सरकारच्या दराने महागाई भत्ता मिळावा, ही. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. संप मिटला तेव्हा पदरात फारसे पडले नव्हते. परंतु १९७८ साली आलेल्या पुलोद सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची मागणी मान्य केली.

महागाई भत्ता ही रुक्ष वाटणारी गोष्ट आहे, पण तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे. किमतींचा निर्देशांक वाढला की पगाराची खरी किंमत घटते. ही घट भरून काढण्याचे सूत्र केंद्राच्या कर्मचाऱ्याला एक आणि राज्याच्या कर्मचाऱ्याला दुसरे असेल, तर एकाच बाजारात एकच ज्वारी घेणाऱ्या दोघांपैकी एक जण दरवर्षी थोडा थोडा गरीब होत जातो. म्हणजे मागणी जास्त पगाराची नव्हती. आहे तो पगार वितळू नये, एवढीच होती. टक्केवारी शिकवताना निर्देशांकाचे हे उदाहरण आठवीच्या वर्गात उत्तम चालते.

तरीही एक हिशेब आपण प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. त्या काळात कितीतरी शाळा बंद राहिल्या. ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नव्हते, त्या मुलांचे नुकसान सर्वांत जास्त झाले. कारखान्याचा संप झाला की उत्पादन थांबते आणि मालकाला तोटा होतो. शाळेचा संप झाला की मालकाला, म्हणजे सरकारला, तोटा होत नाही. उलट पगार वाचतो. तोटा होतो तो मुलाला. शिक्षकाच्या संपाची ही मूळ अडचण आहे आणि पालकांना सोबत घेतल्याशिवाय ती सुटत नाही, हे शिकायला संघटनांना पुष्कळ वर्षे लागली.

नोकरीला दोर

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. तिचा गाजावाजा कमी झाला, पण परिणाम खोल झाला. खाजगी शाळांतील शिक्षकाला संस्थाचालक सकाळी 'उद्यापासून येऊ नका' असे सांगू शकत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढायचे आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचे, म्हणजे दोन महिन्यांचा पगारही वाचतो आणि नोकरी सलगही होत नाही, ही रीत बऱ्याच ठिकाणी होती. शिक्षक संघटनांनी वर्षानुवर्षे केलेल्या मागणीनंतर महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा झाला आणि त्याचे नियम तयार होऊन तो १५ जुलै १९८१ पासून लागू झाला.

या कायद्याचे काम कसे चालते? कायम रिकाम्या पदावर पात्र शिक्षक नेमला, की मूळ कायद्यानुसार त्याचा परिवीक्षेचा काळ दोन वर्षांचा होता. तो काळ समाधानकारक पार पडला की शिक्षक कायम मानला जातो. कायम शिक्षकाला काढायचे तर आरोप लेखी द्यावे लागतात, चौकशी करावी लागते. तरीही काढले, तर शिक्षकाला ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरण नोकरी परत देऊ शकते, मागील पगारही देऊ शकते. आजही हा कायदा चालू आहे आणि प्रत्येक तरुण शिक्षकाने तो एकदा तरी वाचून ठेवावा, असे आम्हाला वाटते. विशेषतः ती ३० दिवसांची मुदत. 'साहेब बघू म्हणालेत' या भरवशावर मुदत निघून जाते आणि चांगले प्रकरण हातचे जाते, असे आम्ही स्वतः पाहिले आहे.

पवित्र म्हणून वगळलेले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिक्षक कामगार आहे का?

१९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितले, की शिक्षण हा उद्योगच नाही. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने हे मत बदलले आणि शिक्षणसंस्थाही 'उद्योग' या व्याख्येत बसते असे म्हटले. मग त्या उद्योगात काम करणारा शिक्षक कोण? हा प्रश्न गोव्यातून आला. तेथील एका खाजगी शाळेतून काढलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा 'कामगार' नाही. शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम नव्हे. ते एक उदात्त कार्य आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. शाळेतला शिपाई आणि कारकून कामगार ठरू शकतात, शिक्षक नाही! न्यायालयाने एवढे मात्र सुचवले, की शिक्षकांच्या तक्रारींसाठी गोव्यात स्वतंत्र कायदा व्हावा. महाराष्ट्रात तसा कायदा तोपर्यंत झालेला होता, हे आपले सुदैव.

पुढे ग्रॅच्युइटीचे प्रकरण आले. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे नोकरी केलेल्या कामगाराला निवृत्तीच्या वेळी ठरावीक रक्कम मिळे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्या कायद्यातील व्याख्येत शिक्षक बसत नाही. म्हणजे पिंपरीतल्या कारखान्यात यंत्रावर बसणाऱ्याला ग्रॅच्युइटी, आणि त्याच्या मुलीला खाजगी शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाईंना नाही. शिक्षकांनी हा प्रश्न लावून धरला. २००९ साली संसदेने व्याख्या बदलली आणि तो बदल ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खाजगी शाळांच्या चालकांनी त्याला आव्हान दिले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. एका शब्दाच्या व्याख्येसाठी १८ वर्षे गेली.

औद्योगिक विवाद कायदा आणि ग्रॅच्युइटीचा कायदा हे दोन्ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले आहेत. नव्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक कार्य करणाऱ्या संस्थांच्या आस्थापना 'उद्योगा'तून वगळलेल्या आहेत आणि आपल्याकडील बहुतेक शिक्षणसंस्था स्वतःला धर्मादायच म्हणवतात. तेव्हा हा प्रश्न संपला असे समजण्याचे कारण नाही.

यातून आम्ही एक धडा घेतो. 'पवित्र व्यवसाय' या शब्दांनी गौरव होतो. पण त्याच शब्दांनी हक्काच्या यादीतून नावही गळते. १९६६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र मंजूर केले. ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन त्याच्याच आठवणीसाठी आहे. त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत. शिक्षण हा व्यवसाय जबाबदारीचा आहे, म्हणूनच शिक्षकांच्या संघटनांना शैक्षणिक धोरण ठरवताना सोबत घेतले पाहिजे, असा त्याचा सूर आहे.

सेवक, कायम विनाअनुदानित आणि निवृत्तिवेतन

२००० नंतर गाडी उलट दिशेने वळली. राज्याने शिक्षण सेवक योजना आणली. पात्र, प्रशिक्षित शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर काम करायचे. प्राथमिक शाळेसाठी हे मानधन अनेक वर्षे महिना ६,००० रुपये होते. म्हणजे दिवसाला २०० रुपये. २०२३ साली ते १६,००० झाले. 'सेवक' हा शब्द कोणी सुचवला असेल ते असो. पण गुरुजींच्या जागी सेवक आला आणि पगाराच्या जागी मानधन आले, हे पालकांच्याही लक्षात आले.

२००१ साली 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आले. नव्या खाजगी शाळांना परवानगी मिळेल, पण अनुदान कधीच नाही. या शाळांतील शिक्षक वर्षानुवर्षे नाममात्र पैशांवर किंवा काहीच न घेता शिकवत राहिले, या आशेवर की कधीतरी अनुदान येईल. संघटनांच्या आंदोलनानंतर २००९ साली 'कायम' हा शब्द गेला. २०१६ साली पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झाले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तेव्हाच्या औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक असताना मोर्चा घेऊन गेलेल्या विनाअनुदानित शिक्षकांवर लाठीमार झाला. २० टक्क्यांवरून पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी त्यांना पुन्हा आझाद मैदानावर बसावे लागले.

१ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. शिक्षकांच्या खोलीत आज दोन खुर्च्या शेजारी असतात. दोघांचे काम सारखे, वर्ग सारखा, वह्या सारख्या. पण एकाचे म्हातारपण सुरक्षित आणि दुसऱ्याचे बाजारावर अवलंबून.

शिकागोच्या बायका आणि आपली जकात

येथे थोडे बाहेरच्या जगात डोकावू. अमेरिकेतील शिकागो हेही कारखान्यांचे आणि बाहेरून आलेल्या कामगारांचे शहर. १८९७ साली तेथील प्राथमिक शिक्षिकांनी आपली संघटना स्थापन केली. मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन या तिच्या नेत्या. कबूल केलेली पगारवाढ शिक्षण मंडळाने पैसे नाहीत म्हणून थांबवली. यावर या शिक्षिकांनी केवळ मोर्चा काढला नाही. त्या करवसुलीच्या वह्या उघडून बसल्या. ट्राम, गॅस, वीज अशा मोठ्या कंपन्यांच्या परवान्यांवर जो कर बसायला हवा होता तो बसतच नाही, हे त्यांनी शोधून काढले आणि न्यायालयात सिद्ध केले. कंपन्यांना कर भरावा लागला. महापौर निवडण्याचा मताधिकारही ज्यांना नव्हता, त्या बायकांनी हे केले.

यात आम्हाला विज्ञानाची पद्धत दिसते. निरीक्षण, नोंद, पुरावा आणि मग निष्कर्ष. फुल्यांनी १८८२ साली हाच रस्ता धरला होता.

पिंपरी-चिंचवडची महापालिका कारखान्यांच्या जकातीवर श्रीमंत झाली. १ एप्रिल २०१३ पासून येथील जकात गेली आणि तिच्या जागी आधी स्थानिक संस्था कर आला, नंतर वस्तू व सेवा कराची भरपाई. मार्ग बदलले, पण शहराचा पैसा शेवटी कारखान्यातल्या कामातूनच येतो. त्यातला किती वाटा त्या कामगारांच्या मुलांच्या शाळेत परत येतो, हे विचारण्याचा हक्क शिक्षकाला आहे. अंदाजपत्रक हा गुप्त कागद नाही.

मुलाच्या बाजूने

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, तेथे न्यायाचा प्रश्न नकाशावरच दिसतो. चाकणच्या वसाहतीभोवती रोज नवी बिऱ्हाडे येतात आणि शाळांच्या खोल्या पुरत नाहीत. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात, भोरगिरीच्या बाजूला, वस्त्या लहान आणि विरळ, पट थोडा. एकीकडे शिक्षक कमी पडतो, दुसरीकडे पट नाही म्हणून पद जाण्याची आणि शाळा दूर जाण्याची भीती. एकच सूत्र दोन्ही टोकांना लावले, की दोन्हीकडे अन्याय होतो. पाऊस कोसळत असताना सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून पलीकडच्या गावच्या शाळेत जाईल का, हा प्रश्न संचमान्यतेच्या तक्त्यात मावत नाही. तो मांडू शकतो फक्त तेथला शिक्षक.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या हाती काही साधने दिली आहेत. प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. कलम २७ सांगते, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपू नये. संघटना या कलमासाठी भांडतात, तेव्हा ते भांडण केवळ शिक्षकाच्या सोयीचे नसते. वर्गात गुरुजी हजर असावेत हा मुलाचा हक्क असतो. परंतु हे पालकाला पटवायचे असेल, तर कामे कमी झाल्यावर तो वेळ वर्गात गेलेला त्याला दिसला पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तेथील खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अशा लढ्यात शिक्षक पालकांच्या शेजारी उभे राहिले, तर पगाराच्या लढ्यात पालक शिक्षकांच्या शेजारी उभे राहतील. या दोन लढ्यांत आपणच भिंत घातली, ही आपल्या संघटनांची आजवरची मोठी चूक, असे आम्हाला वाटते.

वर्गासाठी एक उपक्रम

आपल्या शाळेचा इतिहास मुलांकडून लिहून घेता येईल. सर्वांत जुना हजेरीपट आणि जावक रजिस्टर काढावे. दर दहा वर्षांचा पट मोजून आलेख काढावा. गावात कारखाना कधी आला ती रेघ त्याच आलेखावर ओढावी. निवृत्त गुरुजींना, बाईंना वर्गात बोलवावे आणि त्यांना पहिला पगार किती होता, तेव्हा ज्वारीचा भाव काय होता, ते विचारावे. पगाराला भावाने भागले की पगार किती किलो ज्वारीचा होता हे निघते. हा भागाकार मुलांना निर्देशांकाची कल्पना कोणत्याही व्याख्येपेक्षा चांगली समजावून देतो. मुलांनी आपल्या आईवडिलांच्या पगाराचाही असाच हिशेब करावा. मात्र आकडे घरीच ठेवावेत, वर्गात फक्त रीत सांगावी.

पालकसभेतल्या त्या प्रश्नाला आता आपण उत्तर देऊ शकतो. दादा, आमचीही युनियन आहे. तुमच्या करारात माल किती आणि पगार किती हे लिहिलेले असते. आमच्या करारात तुमची मुलगी आहे. ती कोठेच सही करत नाही, म्हणून तिच्या बाजूची सही तुम्ही आणि आम्ही मिळून करायची आहे.